वडिलांची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली आहे. इतक्या वर्षांनी अपील करता येईल का?

माझे वडील २०१२ साली भूदलातून हवालदार म्हणून, सेवेची ठरलेली मुदत पूर्ण करून निवृत्त झाले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्या कागदांवर कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. नोकरीच्या अखेरच्या काळात, अतिउंचावरील फील्ड पोस्टिंगवर असतानाच त्यांना उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले, तेव्हापासून ते लो मेडिकल कॅटेगरीत (कमी तंदुरुस्तीच्या श्रेणीत) राहिले, आणि सुटण्यापूर्वीच्या रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीआधी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) हे अपंगत्व ३० टक्के व आजीवन असल्याचे नोंदवले. मात्र त्याच कागदावर पुढे, आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा निष्कर्ष आहे. कारणाच्या रकान्यात ‘प्रकृतिजन्य आजार’ (म्हणजे मूळ शरीरप्रकृतीतूनच आलेला) याखेरीज एक अक्षरही नाही.

याच आधारे डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा फेटाळल्याचे पत्र निवृत्तीनंतर काही महिन्यांनी आले होते. सहा महिन्यांत अपील करता येईल असे त्यात म्हटले होते, पण वडिलांनी ते केले नाही. नेहमीची पेन्शन सुरू आहे, मग सरकारशी भांडायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे असते. आता औषधोपचार वाढले आहेत आणि त्यांच्याच तुकडीतील एका सहकाऱ्याला अशाच आजारासाठी ही पेन्शन मंजूर झाल्याचे कळल्यावर ते कागद बाहेर काढायला तयार झाले आहेत.

त्यांना बोर्डाने सेवेतून काढलेले नाही, ते मुदत संपवून सुटले आहेत. तरीही त्यांचा हक्क बनतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. बोर्डाने कारण न देता लिहिलेले मत अंतिम मानले जाते का, आणि एवढा उशीर झाल्यावर आधी अपील करावे की थेट न्यायाधिकरणात जावे, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, लिपिक शाखा)

ताई, पहिली शंका सर्वांत सोपी आहे. मुदत पूर्ण करून सुटलेल्या जवानाला सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले अपंगत्व असेल आणि ते २० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर नेहमीच्या पेन्शनसोबत अपंगत्वाचा घटकही मिळतो. त्यामुळे तुमच्या वडिलांची अडचण टक्क्यांची नाही, बोर्डाच्या त्या एका वाक्याची आहे.

त्या वाक्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल नीट वाचून घ्या. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरायचे, नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानायचे, आणि तसे सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. भरतीच्या वेळी हा आजार का ओळखता आला नसता, याची कारणे बोर्डाने लिहिणे बंधनकारक आहे. ‘प्रकृतिजन्य’ हा शिक्का म्हणजे कारण नव्हे. मी कार्यालयात असताना असे कितीतरी कागद हाताखालून गेले, आणि रक्तदाब व मधुमेह यांच्यापुढे हा शब्द जणू छापूनच येत असे.

तुमच्या प्रकरणात याहूनही भक्कम गोष्ट म्हणजे पोस्टिंग. लष्करी डॉक्टरांसाठीच्या पेन्शनविषयक मार्गदर्शिकेतच, फील्ड एरिया, अतिउंच प्रदेश किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेच्या क्षेत्रातील सेवेमुळे रक्तदाब वाढल्याचे मानण्याची तरतूद आहे. निदानाची तारीख आणि पोस्टिंगच्या तारखा जुळतात हे दाखवता आले, तर अपिलाचा मुख्य भाग तिथेच तयार होतो.

उशिराबद्दल घाबरू नका, पण आणखी वेळही घालवू नका. आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत (जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयामार्फत) पहिले अपील करा आणि विलंब माफ करण्याची विनंती त्यातच सकारण लिहा. ते फेटाळले गेले तर दुसरे अपील असते, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण; महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. थेट तिकडे गेलात तर आधीचे मार्ग वापरले का, हा प्रश्न पहिल्याच तारखेला येईल. पेन्शन दरमहा नाकारली जाते, म्हणून अन्याय चालूच राहतो, असे २००८ च्या तरसेम सिंग निकालात म्हटले आहे. मात्र त्याच निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे जितके महिने थांबाल तितक्या महिन्यांचे पैसे कायमचे जातील.

शिवाय २००८ च्या पात्रता नियमांत असे आहे की, निवृत्तीला १५ वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोवर सेवेचे कागद नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. २०१२ ची निवृत्ती असल्याने हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा. २०२३ चे नवे नियम कोणी तुमच्यापुढे ठेवले, तर वडील त्याआधी सुटले आहेत हे ठामपणे सांगा.

रकमेविषयी थोडक्यात सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असा हिशेब असतो. २०१४ च्या राम अवतार निकालामुळे मुदत संपवून सुटलेल्यांनाही टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ मिळतो, त्यामुळे ३० चे ५० धरले जातील आणि घटक अखेरच्या वेतनाच्या १५ टक्के होईल. अपिलात ही मागणी वेगळी नमूद करा. न मागितलेले कोणी आपणहून देत नाही.

प्रश्नकर्ती

सुभेदार साहेब, मनापासून आभार. डिस्चार्ज बुकात पोस्टिंगच्या नोंदी फार त्रोटक आहेत आणि आमच्याकडे मेडिकल बोर्डाच्या कागदाची फक्त पुसट झेरॉक्स आहे. पूर्ण कागद कोठून मिळवावेत?

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, लिपिक शाखा)

रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करा, पण तो वडिलांच्या सहीने आणि त्यांच्याच नावाने करा. मुलीच्या नावाने केल्यास त्रयस्थाची खासगी माहिती म्हणून तो परत येण्याची शक्यता असते. अर्जात भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, कॅटेगरी लावतानाच्या बोर्डाचे कागद आणि फील्ड सेवेच्या तारखांसह पोस्टिंगचा तपशील, अशी प्रत्येक गोष्ट नावानिशी मागा. अपिलाचा मसुदा तयार झाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. विलंबाचे कारण लिहिताना वडिलांची खरी परिस्थिती साध्या शब्दांत मांडा.