अनुभव धागा : जपानी मिठाई, सोबतचा चहा आणि घरी न्यायची भेट

जपानमध्ये राहिलेल्या किंवा तिकडे फिरून आलेल्या सर्वांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. नुसते ‘छान होते’ असे न लिहिता काय खाल्ले, त्याबरोबर काय प्यायले आणि त्यातले घरापर्यंत नीट काय पोहोचले, हे सांगितल्यास पुढे जाणाऱ्यांची सोय होईल. सुरुवात मीच करते.

क्योतोतील एका लहानशा चहागृहात मी प्रथम नेरिकिरी खाल्ली. पांढऱ्या घेवड्याच्या गोड, मऊसूत लगद्यापासून ती हाताने घडवतात आणि तिचा आकार ऋतूप्रमाणे बदलतो. शरद ऋतू असल्यामुळे माझ्या पुढ्यात लालसर मेपलचे पान आले. लाकडी काडीने ते कापले, तेव्हा आत अझुकीच्या, म्हणजे लहान लाल कडधान्याच्या, गडद सारणाचा गोळा दिसला. चहासमारंभात मिठाई आधी संपवायची आणि मगच माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड पाण्यात घुसळून केलेला चहा, घ्यायचा, असा शिरस्ता आहे. नुसती खाल्ली तर ती गोडी अंगावर येते. पण लगेच फेसाळ, कडवट माचाचा घोट घेतला की दोन्हींची चव उलगडते. चहात साखर नसतेच, ती आपण आधीच खाल्लेली असते. ही मिठाई शक्यतो त्याच दिवशी संपवायची असल्यामुळे ती बांधून आणण्याचा विचार करू नये.

---

वरील अनुभवाला जोडून लिहितो. आम्ही सासूबाईंना घेऊन इसेच्या देवस्थानी गेलो होतो. तेथील आकाफुकु हे दुकान १७०७ सालापासूनचे असून मुख्य दुकान पहाटे पाच वाजता उघडते. मऊ मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यावर, अझुकीचे सारण बोटांनी असे बसवलेले असते की त्यावर इसुझु नदीच्या लाटांसारख्या रेघा उमटतात. सासूबाईंना ते पुरणासारखे लागले, फक्त वेलदोडा हवा होता, असे त्यांचे मत पडले. सोबतच्या गरम, बिनसाखरेच्या चहाकडे मात्र त्यांनी आधी संशयानेच पाहिले आणि नंतर तो पुन्हा मागून घेतला. मोची चिवट असते. वयस्कर मंडळींना लहान घास करून, सावकाश चावून खाण्यास सांगावे. तीही दोन-तीन दिवसच टिकते, त्यामुळे परतीच्या आदल्या दिवशी इसेला असाल तरच घ्यावी.

---

गोडाचे फारसे वेड नसणाऱ्यांनी मिताराशी दांगो खावेत. भाजलेल्या तांदूळपिठीच्या गोळ्यांवर सोया सॉसचा गोड-खारट पाक असतो आणि भाजक्या वासाचा होजिचा हा चहा त्याबरोबर माचापेक्षा अधिक शोभतो, असे माझे ठाम मत आहे.

---

मी नागोयात नोकरी करतो. तेथे प्रवासाहून परतताना सहकाऱ्यांसाठी खाऊ आणणे, म्हणजेच ओमियागे, हा जवळजवळ कामाचाच भाग आहे आणि त्यामुळे प्रत्येक नग स्वतंत्र वेष्टनात असलेले खोके दुकानांत सर्रास मिळतात. पुण्याहून आणलेली बाकरवडी चवीने खाल्ली गेली. पण एकाच पिशवीत हात घालण्यास सगळे संकोचत होते. पुढच्या वेळी एकेक वडी गुंडाळलेली चिक्की आणली, ती मेजामेजावर सहज वाटता आली. भारतात नेण्यासाठी मी योकान घेतो. अझुकी, साखर आणि समुद्री शेवाळापासून मिळणारे कान्तेन यांची ती घट्ट वडी बंद वेष्टनात बराच काळ, काही प्रकारांत वर्षभरही टिकते. क्योतोची दालचिनीच्या वासाची यात्सुहाशी घ्यायची असल्यास भाजलेली, कुरकुरीत घ्यावी. सारण भरलेली मऊ त्रिकोणी फार तर आठवडा-दहा दिवस पुरते.

---

शाकाहारी मंडळींसाठी थोडेसे. अझुकीच्या पारंपरिक मिठाईत बहुधा अंडे किंवा दूध नसते, परंतु नागासाकीचा कासुतेरा हा अंड्यांचाच केक आहे आणि जेलीसारख्या काही पदार्थांत जिलेटिन असते, तेव्हा घटकांची यादी भ्रमणध्वनीवरील भाषांतराने वाचून घ्यावी. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील खाद्यविभागात खोके घेताना मी तारखेवर बोट ठेवून विचारते. तेथे आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस छापतात. वाटपासाठी लहान कागदी पिशव्या हव्या असतील तर पैसे देतानाच मागाव्यात. अनेक दुकाने त्या खोक्यासोबत आनंदाने देतात.