मदत हवी आहे: झाडं तुटत नाहीयेत, पलीकडे कसं जायचं?

परळ_रात्रपाळी
कोणीतरी लवकर सांगा. ब्लॅक फॉरेस्ट नकाशा आहे. समोरच्याने मधली वाट दगडी भिंती घालून बंद केली, मागे किल्ला. बाजूने जावं तर दाट जंगल. तोफा लावून बघितल्या, झाड जागचं हलत नाही. रविवारी मुलुंडला मित्राकडे सामना आहे. हे जंगल फोडायचं कसं?

गोरेगाव_पूर्व
कुठला गेम ते तरी लिही. क्लॅश ऑफ क्लॅन्स असेल तर एक बिल्डर मोकळा ठेव आणि एलिक्सर (गेममधलं चलन) देऊन झाड काढ. जेम बॉक्स दिसला तर आधी तो काढ, २५ जेम मिळतात.

परळ_रात्रपाळी
एज ऑफ एम्पायर्स २ हो! ब्लॅक फॉरेस्ट लिहिलंय की वर.

चाळकरी
ऑनॅजर, म्हणजे दगड फेकणाऱ्या मँगोनेल यंत्राची पुढची आवृत्ती. साधा मँगोनेल झाड पाडत नाही. इम्पीरियल एजमध्ये (शेवटच्या युगात) गेलास की सीज वर्कशॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या कारखान्यात, अपग्रेड घे, मग अटॅक ग्राउंड (जमिनीवर मारा करायची आज्ञा) दाबून झाडाच्या बुंध्याशी क्लिक कर. आपलं सैन्य त्या टप्प्यात उभं करू नकोस, दगड आपल्यांनाही लागतात. सिव्हिलायझेशन, म्हणजे खेळायची जमात, कुठली घेतोस?

सायनचा_राजा
एवढं सोनं कशाला घालवायचं? गावकरी घाल. जवळ लंबर कॅम्प (लाकूड जमा करायची जागा) टाक, एका झाडात १०० लाकूड असतं, वाटही होते आणि लाकूडही येतं. फक्त झाड संपलं की गावकरी आपल्या मनाने शेजारचं धरतो आणि वाट आडवी पसरत जाते. पुढचं झाड प्रत्येकाला हाताने दाखवावं लागतं.

चाळकरी
आणि पलीकडे किल्ला असला की बोगद्याच्या तोंडाशीच सगळे गावकरी मरतात. मी हे भोगलंय.

सायनचा_राजा
किल्ल्यासमोर बोगदा काढायला सांगितलं कोणी? लांबून काढायचा.

सोसायटी_सचिव
झाड तोडण्याआधी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज करा. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आमच्या इथे गुलमोहरासाठी बरेच हेलपाटे घातले.

परळ_रात्रपाळी
काका, हा कॉम्प्युटरवरचा गेम आहे.
@चाळकरी तुर्क. मी तुर्कच घेतो.

चाळकरी
अरे, हे आधी सांगायचं ना! तुर्कांना ऑनॅजर मिळतच नाही, मँगोनेलवर गाडी थांबते. टीम गेम असेल तर साथीदाराला मंगोल घ्यायला लाव. त्यांना सीज ऑनॅजर (ऑनॅजरच्याही पुढचा) आहे, वर ड्रिल हे संशोधन घेतलं की वर्कशॉपची सगळी यंत्रं दीडपट वेगाने चालतात.

नकाशेवेडा
सिव्हिलायझेशन ६ हा गेम खेळा राव. मायनिंगचं तंत्रज्ञान आलं की जंगल, ब्राँझ वर्किंगनंतर रेनफॉरेस्ट, इरिगेशननंतर दलदल काढता येते. जंगल तोडलं की वर प्रॉडक्शनही (शहराची बांधणीची ताकद) पदरात पडतं.

परळ_रात्रपाळी
टीम गेमच आहे. पण साथीदाराला ब्रिटन्सच हवेत, ऐकत नाही. चालेल?

चाळकरी
चालेल. सीज ऑनॅजर नाही, पण ऑनॅजर आहे आणि झाडं तोही पाडतो. त्याला लवकर इम्पीरियलला जायला सांग, तोवर तुझ्या तोफांनी मधली वाट धरून ठेव.

सायनचा_राजा
आणि चार गावकरी बाजूने लावच.