गोव्यातल्या जुन्या फौजी टोप्या : संग्राहकाकडे असाव्यात की नकोत?

डिचोलीकर
जुनी घरं पाडताना माळ्यावरच्या पेट्यांतून पोर्तुगीज आमदानीतल्या शिपायांच्या टोप्या निघतात. भंगारवाला पितळी बिल्ला उचकटून घेतो, भेंडाची (पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची) किंवा बुचाची टोपी उकिरड्यावर जाते. म्हणून मी त्या विकत घेऊन जपतो. माझं ठाम मत आहे की संग्राहक नसते तर या टोप्या आज बघायलाही मिळाल्या नसत्या. याला विरोध असणाऱ्यांनी कारण सांगावं.

वाळपईची लेक
माझा विरोध आहे. १८५२ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या दीपाजी राण्यांनी आमच्या सत्तरी तालुक्यातला नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हापासून सत्तरीवर किती वेळा पोर्तुगीज फौज चालून आली! ज्या टोप्या घालून शिपाई आमच्या गावांत शिरले, त्या दिवाणखान्यात काचेआड मिरवायच्या? आणि तुम्ही पैसे मोजता म्हणूनच दलाल घरोघरी फिरतो. म्हाताऱ्या माणसांकडून पेटीच उचलतो, घराचं नाव कुणाला सांगत नाही.

डिचोलीकर
ताई, राग समजतो. पण टोपीखालचं डोकं कुणाचं होतं? १८९५ मध्ये मोझांबिकला जायचा हुकूम आल्यावर हत्यारांसह सत्तरीत उतरलेले मराठा शिपाई याच फौजेतले होते. सत्तरीच्या राण्यांपैकीच दादा राणे त्यांच्याबरोबर उभे राहिले. त्यांच्यातल्या एखाद्याची टोपी हाती लागली तर ती शत्रूची म्हणायची?

वाळपईची लेक
ती त्यांच्यातल्याच एखाद्याची, हे तुम्हाला कोण सांगणार? दलाल? माझं भांडण नेमकं तिथंच आहे. घराचं नाव तुटलं की बंडवाला शिपाई कोण आणि त्याच्यावर गोळी झाडणारा कोण, काही उरत नाही.

जुनी पणजी
थोडं बिल्ल्यांबद्दल, कारण फसवणूक तिथंच होते. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली आणि मुकुट सरकारी चिन्हांवरून उतरला. म्हणजे मुकुटाचा बिल्ला त्याआधीच्या घडणीचा. पण बिल्ला जुना म्हणून टोपीही जुनी, असं नव्हे. इंग्रजी सोला हॅटवर, म्हणजे भेंडाच्या टोपीवर, पोर्तुगीज बिल्ला टोचून विकणारे आहेत. आतली चामडी पट्टी उलटून बघा, कापडावर पिनेची ताजी भोकं शोधा. आणखी एक : १८९५ च्या आधीही इथल्या फौजेनं बंड केलं होतं, त्यानंतर १८७१ मध्ये पोर्तुगीजांनी इथली जुनी स्थानिक फौजच मोडली. कुणी त्याआधीची टोपी म्हणून पुढे केली, तर मी आधी संशयच घेतो.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. लिस्बनहून गिऱ्हाईक आलं म्हणून पाठवून दिली, असं चालणार नाही.

मांडवीकाठ
ताईंचं पटतं, पण मग टोपी ठेवायची कुठं? एका संग्रहालयाला आम्ही घरची पेटी दिली, ती पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून राहिली. भेंड पाणी पितं आणि फुगतं, चामड्याला बुरशी धरते, कापडाला कसर लागते. आमच्या हवेत पेटी बंद करून विसरणं म्हणजे ती वस्तू संपवणंच. संग्राहक निदान ऊन-वारा बघतो. जुन्या फेल्टच्या टोप्यांत मात्र पारा असू शकतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मुलांच्या डोक्यावर चढवू नका.

वाळपईची लेक
मग घरातच राहू दे ना! आतला आधार म्हणून आम्लरहित कागद भरा, सावलीत वारा द्या, हे शिकायला पेटी विकावी लागत नाही. विकायचीच असेल तर घेणाऱ्यानं आधी वाडा, घराचं नाव, आजी जे सांगते ते सगळं लिहून घ्यावं. फोटो पेटीसकट काढावा.

डिचोलीकर
लिहून घेणं मान्य, यापुढं त्याशिवाय घरातून उचलणार नाही. पण भंगाराच्या ढिगात सापडलेली, नाव-गाव हरवलेली टोपी मी सोडणार नाही.

वाळपईची लेक
घ्या. फक्त तिच्याखाली चिठ्ठी लावताना ‘राण्यांच्या बंडातील’ असं लिहू नका.