"आताच्या पोरींत दमच नाही" या मेसेजला माझं उत्तर (नर्सिंगवाले आणि नर्सिंगला लेकरं घातलेले, दोघांनी वाचा)

परभणीची_सिस्टर
परवा आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही म्हणून इथं लिहायलेय. मेसेज असा: "नर्सिंग ही सेवा आहे. ज्यांना रडायचंय त्यांनी घरी बसावं. आमच्या वेळी मॅडम कानाखाली द्यायच्या, आम्ही कधी डिप्रेशनचं नाव काढलं नाही. आताच्या पोरींत दमच नाही." खाली नुसते अंगठे आणि जोडलेले हात.

त्याच आठवड्यात माझ्या चुलतबहिणीचा रात्री साडेअकराला फोन आला, होस्टेलच्या जिन्यात बसून. बीएस्सी नर्सिंग पहिलं वर्ष. काकानं सोयाबीन पडत्या भावात विकून फीचा पहिला हप्ता भरलाय. "ताई, मला न्यायला ये" एवढंच म्हणायली, दुसरं काही नाही. काय झालं होतं तर वॉर्डात स्पंजिंग (खाटेवरच पेशंटचं अंग पुसणं) करताना पडदा ओढायचा राहिला. चूक आहे, मी चूकच म्हणते, पेशंटची लाज झाकायची हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण मॅडमनी भरल्या वॉर्डात, पेशंट आणि नातेवाइकांसमोर, "तुझ्या आईनं हेच शिकवलं का" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवरच्या आजीनं हिच्या हातून गोळी घेतली नाही, म्हणाली दुसरीला पाठव.

सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी केअर प्लॅन, ड्रग बुक (औषधांची माहिती लिहायची वही), केस स्टडी, झोपायला एक वाजतो. थिअरीला 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही आणि प्रॅक्टिकलची हजेरी डिग्रीच्या आधी 100 टक्के भरून द्यावी लागती, म्हणजे ताप आला तरी ते दिवस नंतर भरायचेच. यात एखादी रडली तर तिच्यात दम नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा समोर येऊन बोलावं.

इन्चार्ज_सिस्टर_लातूर
मेसेज मी लिहिलेला नाही पण पुढं मीही पाठवला होता, त्यामुळं मीच बोलते. बाई, तुझी नोकरी किती वर्षं झाली माहीत नाही, माझी एकोणतीस झाली.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलो होतो. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस. पहाटे चारच्या आत जमीन हलली, होस्टेलच्या पोरी ओरडत मैदानात आल्या. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरकडून ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यायला लागले. तोंडात माती गेलेली माणसं, हात-पाय चेंबलेली लेकरं. आम्हाला कुणी विचारलं नाही की बायांनो जमेल का. आमच्या ट्यूटर बाई फार कडक. पट्टी सैल बांधली की सोडून परत बांधायला लावायच्या, तीनदा, चारदा. त्या तीन दिवसांत त्यांनी आम्हाला बसू दिलं नाही. रात्री दोन तास आमच्याबरोबरच व्हरांड्यात सतरंजीवर पडायच्या आणि परत उठवून वॉर्डात न्यायच्या. त्या बाईंमुळं मी उभी आहे.

आता काय, जरा आवाज चढला की घरी फोन. पोटॅशियम क्लोराईड डायल्यूट न करता डायरेक्ट शिरेत दिलं तर पेशंटचं हृदय बंद पडतं. तिथं गोड बोलून समजावायला वेळ नसतो, ओरडावंच लागतं.

ब्रदर_नांदेड
मॅडम, तुमचा मान ठेवून बोलतो. ओरडणं हे वरवरचं आहे, मूळ दुखणं माणसं नाहीत हे आहे. शिकवणीच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला तीन पेशंटमागं एक नर्स, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष. मी विद्यार्थी असताना नाईटला चाळीस पेशंट आणि एक स्टाफ, बाकी सगळं आम्ही. शिकायला आलेल्या पोराकडून भरून काढायचं आणि चुकलं की त्यालाच धरायचं. मे 2022 ला राज्यातल्या सरकारी सिस्टर लोकांनी बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संप केला तो उगाच नाही केला.

आणि पोरींचंच बोलायलेत सगळे. पोरगा नर्सिंगला गेला की गावात काय ऐकावं लागतं ते मला विचारा. माझी सोयरीक दोन ठिकाणी याच्यावरून फिसकटली. "पोरगं बायकांचं काम करतंय" असं पाहुण्यांनी माझ्या बापाच्या तोंडावर म्हणलं. लेबर रूमच्या पोस्टिंगला बाया आम्हाला आत उभं राहू देत नाहीत, आणि बाळंतपणाच्या केसेस मात्र मोजून पूर्ण करून मागतात. तिसऱ्या वर्षाला मी बॅग भरून बसस्टँडवर जाऊन बसलो होतो. कुणाला सांगितलं नाही, कारण ब्रदर रडला म्हणजे संपलंच.

गंगाखेडचा_मास्तर
माझी पुतणी यंदाच लागली म्हणून हा धागा वाचायलोय. तुम्ही सगळे मूळ कारण सोडून बोलायलेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावी, तालुक्याला बारावी, सगळं आयुष्य मराठीत, आणि पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत समोर ठेवतात. लेकरू एक पान वाचायला तास घेतंय. ते हुशार आहे हे मला माहीत, मी शिकवलंय. पण वर्गात तोंड उघडत नाही. खचायला सुरुवात तिथून होती. पहिलं वर्ष तरी मराठीतून शिकवा, मग बघा किती रडतात.

बीड_ते_मस्कत
सर, माफ करा पण हे चुकीचं आहे. मी केजजवळच्या खेड्यातली, मीही मराठी शाळेतलीच. सहा वर्षं झाली मस्कतला. इथं यायला प्रोमेट्रिक (नर्सच्या लायसन्ससाठीची) परीक्षा द्यावी लागली, ती इंग्रजीत. केरळच्या पोरी पटापट पुढं जातात, आपल्या मागं राहतात, का? कारण आपण भाषेचं दुखणं कुरवाळत बसतो. मराठीतून शिकवलं तर आपल्या पोरी जिल्ह्याच्या बाहेर पडणार नाहीत. औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, डॉक्टरची ऑर्डर इंग्रजीत, मॉनिटर इंग्रजीत. मी रोज दहा शब्द पाठ केले, रडत रडत केले, पण केले.

गंगाखेडचा_मास्तर
तुम्ही केलं म्हणून सगळ्यांनी तसंच रडत करावं हा कुठला न्याय? आणि सगळ्याच पोरींना मस्कतला जायचं नाही. माझ्या पुतणीला इथंच प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करायचंय, तिथं येणारी म्हातारी इंग्रजीत कण्हत नाही. आमच्या लेकरांना ढ म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

बीड_ते_मस्कत
ढ कुणी म्हणलं? शब्द माझ्या तोंडात घालू नका. मी त्याच मातीतली आहे, आईबापानं उचल घेऊन ऊसतोडीला जाऊन मला शिकवलंय. मला लाज वाटती ती आपण कमी पडतो म्हणून नाही, कमी पडायची सवय लावून घेतो म्हणून.

सेकंड_इयर
मी आत्ता शिकतेय म्हणून मध्ये बोलते, राग मानू नका. मास्तर आणि मस्कतच्या ताई दोघांचंही मला पटायलंय. पेशंट म्हणतो "पोटात कालवायलंय", मी काय लिहू? एक मावशी म्हणली "जीव घाबरायलाय". आता तिला धाप लागलीय, की छातीत धडधड व्हायलीय, की ती नुसती भ्यालीय? "घेरी आली" म्हणजे चक्कर की शुद्ध हरपली? "चमक निघाली", "कळ आली", "ठणकायलंय" या तिन्हीला फाईलमध्ये "pain" (दुखणं) एवढंच लिहिते मी, आणि मला कळतंय की त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅडमना विचारलं तर म्हणतात हे तुला येत नाही का. त्यामुळं विचारणं बंद केलं. इंग्रजी रात्री बसून पाठ करता येईल हो, विचारायची सोय पाहिजे.

बीड_ते_मस्कत
हे मात्र तू बरोबर लिहिलंस. जीव घाबरणं यावर मी पण फसले होते. पण इंग्रजी सोडू नको, माझं म्हणणं तेच राहील.

गंगाखेडचा_मास्तर
इंग्रजी सोडा असं मी कुठंच म्हणलेलं नाही. एक वर्ष आधाराला मराठी द्या म्हणलं. वर जाऊन परत वाचा.

ब्रदर_नांदेड
थांबा दोघं. सेकंड इयर, तुमच्या कॉलेजात समुपदेशक आहे का? 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवायचा असं सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. आणि फारच वाईट वाटलं तर 14416 वर फोन करायचा, टेली-मानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी स्वतः केलाय, नोकरी लागल्यावर. विद्यार्थी असताना ते नव्हतं.

सेकंड_इयर
नंबर लिहून घेतला दादा. समुपदेशक म्हणून बोर्डावर ज्या मॅडमचं नाव आहे त्याच आम्हाला इंटर्नलचे मार्क देतात. कोण जाणार सांगायला?

परभणीची_सिस्टर
मी सुरू केलं एका गोष्टीवर आणि अर्धा धागा इंग्रजीत गेला. पण या पोरीनं जे लिहिलं, विचारणं बंद केलं, त्यावर मला एक सांगायचंय. हे मी घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला, बाळंतिणींच्या वॉर्डात. आदल्या दिवशी बीपी नीट घेता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी एक बाई होती, पहिलटकरीण, नववा महिना, तोंडावर सूज. कफ बांधला, स्टेथो लावला, मला आवाजच येईना. दोनदा घेतलं. वॉर्डात गोंधळ, पाठीमागं मॅडम उभ्या. परत विचारलं तर परत तेच ऐकावं लागणार म्हणून मी चार्टवर 120/80 लिहिलं. पुढच्या खाटेवर गेले.

दीड-दोन तासांनी त्या बाईला झटके आले. स्टाफ सिस्टरनं बीपी घेतलं तर 170 च्या वर. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं, धावपळ झाली, सिझेरियन झालं. आई आणि बाळ दोघं वाचले. चार्टकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं. आजही बीपी दोन्ही हातांना घेते मी, सवय सुटत नाही.

इन्चार्ज मॅडम, तुम्ही म्हणता ओरडल्यानं पेशंट वाचतो. माझ्या बाबतीत ओरडण्याच्या भीतीनं तो जाता जाता राहिला.

इन्चार्ज_सिस्टर_लातूर
आधी हे ऐक. न घेतलेलं बीपी लिहिणं याला माफी नाही. मॅडम कशाही असोत, पेशंट तुझा होता. माझ्या वॉर्डात एखादीनं असं केलेलं सापडलं तर मी तिला त्या दिवशी हात लावू देणार नाही, आणि मी ओरडेन सुद्धा. हे तू मॅडमच्या माथी मारू नको.

परभणीची_सिस्टर
मी कुणाच्या माथी मारत नाही. चूक माझीच, नऊ वर्षं झाली रोज म्हणते. पण त्या दिवशी "मॅडम, आवाज येत नाही, तुम्ही एकदा बघा" हे चार शब्द मला म्हणता आले असते तर त्या बाईला दोन तास आधी औषध मिळालं असतं. ते म्हणता का आले नाहीत एवढंच विचारा स्वतःला. तुमच्या हाताखाली पण आत्ता पोरी असतील.

ब्रदर_नांदेड
इन्चार्ज मॅडम, रागावू नका. तुमचा किल्लारीचा अनुभव मी दोनदा वाचला. तुमच्या ट्यूटर बाई रात्री तुमच्याबरोबर व्हरांड्यात सतरंजीवर झोपल्या, हे तुम्हीच लिहिलंय. पट्टी चुकली तर चौथ्यांदा स्वतः उभं राहून बांधून घ्यायच्या. तसं शिकवणारं कुणी मिळालं असतं तर मी बसस्टँडवर गेलोच नसतो. त्या मेसेजमध्ये फक्त कानाखाली आहे, सतरंजी नाही.

बीड_ते_मस्कत
इथं आम्हाला चूक झाली की फॉर्म भरायचा असतो, काय झालं, कशामुळं झालं. नाव विचारतात पण चारचौघात अपमान करत नाहीत. पहिल्या वर्षी मला ते खोटं वाटायचं, वाटायचं नंतर धरतील. नाही धरलं. परभणीच्या ताईचं वाचून आठवलं म्हणून लिहिलं, बाकी इंग्रजीचं माझं मत आहे तिथंच आहे.

इन्चार्ज_सिस्टर_लातूर
कालपासून उत्तर लिहायचं टाळत होते.

त्या भूकंपानंतर आम्ही रडलो नाही असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. दिवाळीपर्यंत होस्टेलात कुणी एकटं झोपत नव्हतं, एका खाटेवर तिघी तिघी झोपायचो. माझी एक मैत्रीण दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही, कोर्स सुटला तिचा. आमच्या बाई तिच्या गावी जाऊन आल्या होत्या तिला आणायला, एसटीनं. ती आली नाही. हे मी विसरले नव्हते, पण बोलताना त्याचं नाव काढत नव्हते.

मेसेज मी ग्रुपवरून काढलाय. पण वॉर्डात आवाज चढवू नये हे मला मान्य नाही आणि होणारही नाही. पेशंटसमोर आईबाप काढू नयेत, एवढं मान्य.

परभणीची_सिस्टर
एवढं मान्य केलंत तरी बास झालं मॅडम.

बहिणीला आणायला काका गेले नाहीत, मी गेले, पण घरी आणलं नाही. होस्टेलच्या बाहेर रसवंतीवर दोन तास बसलो. तिनं ड्रग बुक आणलं होतं, निम्मं मी लिहून दिलं, असं करू नये हे मला माहीत आहे. मग तिचा हात पुढं घेऊन तिथंच बाकावर बीपी घ्यायला शिकवलं, आधी नाडी बघून वरचं बीपी अंदाजायचं, मग स्टेथो लावायचा. चौथ्या वेळी तिला आवाज आला. आजपासून तिची पहिली नाईट आहे. ती गोळी न घेणारी आजी अजून त्याच वॉर्डात आहे म्हणं.