पिस्तुलाला रबरी ग्रीप बसवायचीय, मदत हवी आहे

मंडळी, लायसन्सचं ३२ बोअरचं छोटं पिस्तूल आहे, त्याच्या मुठीवर रबरी स्लीव्ह (मोज्यासारखं कव्हर) चढवायचाय. आपल्या सोलापूरचा उन्हाळा ठाऊकच आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, तळहाताला नुसता घाम आणि गोळी झाडल्यावर झटका बसला की गुळगुळीत मूठ हातात फिरते, करंगळीला तर टेकायला जागाच नाही. स्लीव्ह साबणाच्या पाण्यानं चढवू का स्पिरिटनं? स्पिरिट उडून जातं म्हणून मला तेच बरं वाटतंय, तेल लावलं तर तो सरकतच राहणार. मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) सोडवायच्या बटणापाशी रबर कापावं लागतं का, बटण दाबलं जाऊन मॅगझिन निसटायला नको. आणि मुख्य काळजी म्हणजे रबराखाली घाम साचून लोखंडाला गंज धरेल का? सायकलच्या ट्यूबचा तुकडा कुणी वापरला असेल तर तोही अनुभव सांगा. पिस्तूल रिकामं करून, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) बघूनच हात लावणार आहे.