एपीआयचे एरर कोड: रीट्राय कधी करायचा?

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. आमच्या मसाल्यांच्या दुकानाची वेबसाइट आहे. ऑर्डर आली की कुरिअरवाल्यांच्या एपीआयवरून (आमचा प्रोग्रॅम त्यांच्या सिस्टिमशी बोलतो तो मार्ग) पिकअप आपोआप बुक होतो. पण कधी ४०१ येतो, कधी ४२९, कधी ५०४. मी सरसकट 'एरर आला की पाच वेळा रीट्राय' (तीच विनंती पुन्हा पाठवणं) लिहून ठेवलंय. परवा एकाच पार्सलसाठी तीन पोरं दारात उभी! कुठल्या कोडला काय करायचं, जाणकारांनी सांगा.

कोडकांदा:
ही ५०४ ची करामत दिसते. मधल्या सर्व्हरनं मागच्याची वाट बघितली आणि कंटाळून तुम्हाला ५०४ दिला. मागच्यानं काम केलं की नाही, हे मधल्यालाही माहीत नसतं. बुकिंग बहुधा पहिल्याच फेरीत झालेलं असणार. डॉक्युमेंटेशनमध्ये 'आयडेम्पोटन्सी की' (विनंतीसोबत पाठवायची वेगळी ओळखखूण) शोधा. एका ऑर्डरला एक की, रीट्रायलाही तीच. मग दुसरं बुकिंग होत नाही. ती सोय नसेल तर आधी 'या ऑर्डरचं बुकिंग झालंय का' विचारायचं, मगच पुन्हा पाठवायचं.

४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. त्यावर नुसता रीट्राय म्हणजे चुकीची किल्ली पुन्हा पुन्हा फिरवणं. बहुतेक वेळा टोकनची (ओळख पटवणाऱ्या कोडची) मुदत संपलेली असते, नवीन घ्या. ४०३ असेल तर टोकन बदलून भागत नाही, परवानगीच मागावी लागते.

रात्रपाळी:
४२९ राहिला. हा तसा नवा, २०१२ च्या आरएफसी ६५८५ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मधला. तुम्ही फार भराभर विचारताय, एवढंच त्याचं म्हणणं. सोबत 'रीट्राय-आफ्टर' हेडर (किती थांबायचं ते सांगणारी, उत्तराबरोबर येणारी ओळ) आलाय का बघा. त्यात कधी सेकंद असतात, कधी जीएमटीतली अख्खी तारीख. आम्ही आकडाच येणार असं धरून बसलो होतो. तारीख आली त्या रात्री माझी झोप गेली. हेडर नसेल तर १, २, ४, ८ सेकंद असं थांबत जा आणि त्यात थोडं रँडम मिसळा, नाहीतर अडकलेल्या सगळ्या ऑर्डरी एकदम परत धडकतात.

४०४ म्हणजे यूआरएलच चुकली असंही नाही हं. परवानगी नसलेल्या खासगी रेपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) गिटहब ही कोड ठेवायची साइट मुद्दाम ४०४ देते, ती आहे हेसुद्धा कळू नये म्हणून.

धागाकर्ता:
लॉग काढला. त्या ऑर्डरला दोनदा ५०४, मग २०० (म्हणजे यशस्वी). हिशोब जुळला! त्यांच्याकडे त्या 'की'ची सोय नाही, पण ऑर्डर नंबरनं शोधता येतं. आजच बदलतो. २०० आला की निर्धास्त ना?

कोडकांदा:
बॉडी (उत्तराच्या आतला मजकूर) वाचल्याशिवाय नाही. २०० देऊन आत 'स्टेटस: फेल्ड' लिहिणारे महाभाग आहेत.