मदत हवी आहे: एएमईच्या प्रॅक्टिकलसाठी टूलबॉक्स कोणता घ्यावा? (नाशिक)

पाना_नंबर_दहा
नमस्कार मंडळी. एएमई करतोय. सोमवारपासून प्रॅक्टिकल सुरू होतंय आणि स्वतःचा टूल किट घेऊन या असं सांगितलंय. हत्यारं बऱ्यापैकी जमली आहेत, ती ठेवायची कशात हा घोळ आहे. पत्र्याची पाच कप्प्यांची पेटी, कापडी टूल बॅग आणि चाकांचा प्लास्टिकचा बॉक्स, या तिघांत अडकलोय. ऑनलाइन रिव्ह्यू वाचून काही कळत नाही, अर्धे लोक 'नाइस प्रॉडक्ट' लिहून मोकळे. बजेट फार नाही. दोन दिवसांत घ्यायचाय, प्लीज पटकन सांगा.

सातपूरकर
टापारियाची पत्र्याची पेटी घे, विषय संपला. कंपनी आपल्याच सातपूर एमआयडीसीतली. माझी पेटी लग्नाच्या आधीची आहे, पोरगं आता बारावीला. बिजागरीला दिवाळीत थोडं तेल सोडतो, बाकी काही बघावं लागत नाही.

खटपट्या
बजेट फार नाही म्हणजे दोन हजार की दहा? हत्यारं किती, सगळ्यात लांब कोणतं? जाणार कशाने? एवढं तरी लिहा की राव, आम्ही काय अंदाजपंचे सांगायचं?

मीनल_गंगापूररोड
एएमई म्हणजे नक्की काय? भाचा बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. त्याला विमानांचं भारी वेड आहे. फी किती असते? हॉस्टेल आहे का?

पाना_नंबर_दहा
@खटपट्या तीन हजारांच्या आत. बाइकने जातो, सिडकोतून आडगावच्या पुढे. हत्यारं म्हणजे नेहमीचीच.
@मीनल ताई, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग. डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं लायसन्स असतं. फीसाठी वेगळा धागा काढा ना प्लीज, इथे विषय भरकटेल.

हँगरवाला_मुंबई
मी लायसन्सवर काम करतो, बी1.1, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं मेकॅनिकल काम. आधी तीन गोष्टी सांग. बी1 की बी2 (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स)? प्रॅक्टिकल इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये आहे की एखाद्या एअरलाइनच्या हँगरमध्ये? आणि स्वतःची हत्यारं विमानापाशी नेऊ देणार आहेत, की फक्त बेंचवर? आमच्याकडे स्वतःचा साधा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा आत नेता येत नाही, सगळं टूल स्टोअरमधून सही करून घ्यायचं. तुझ्याकडेही पुढे तसंच असेल तर आत्ता महागडा बॉक्स घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पाना_नंबर_दहा
बी1.1. सध्या इन्स्टिट्यूटचं वर्कशॉप, तिथे एक जुनं सेस्ना 172 आहे, त्यावर काम. ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग) मुंबईला व्हायची शक्यता आहे, अजून नक्की नाही. पण प्रश्न बॉक्सचा आहे हो. पेटी की बॅग?

सातपूरकर
पेटी. पहिल्याच प्रतिसादात सांगितलं.

निवृत्त_ओझरकर
पत्र्याची पेटी विमानाजवळ? अजिबात नको. मी आयुष्यभर मिग लढाऊ विमानांवर काम केलं. पत्र्याच्या पेटीचा कोपरा विंगच्या कातडीला लागला की ओरखडा पडतो, आणि ओरखडा पडला की नुसता रंग मारून भागत नाही. खोली मोजा, लिहा, साहेबाला दाखवा. दुसरं म्हणजे त्या पाच कप्प्यांत हत्यारं एकावर एक पडतात. शिफ्ट संपताना मोजायला बसलात की सगळं उपसायचं.
आमच्या वेळी भिंतीवर बोर्ड असायचा. प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, खाली खिळा. पाना घेतला की खिळ्याला आपला पितळी बिल्ला लटकवायचा, त्यावर आपला नंबर. संध्याकाळी बोर्डवर बिल्ला दिसला तर त्या माणसाला गेटबाहेर सोडत नसत. पक्कड असो की पिन पंच, नियम तोच.

खटपट्या
काका, मस्त. आता तर तुमच्या ओझरच्या विमान कारखान्यात तेजस लढाऊ विमानाची लाइन पण सुरू झाली, ऑक्टोबर 2025 मध्ये तिथलं पहिलं तेजस मार्क 1ए उडालं. त्याच्या आधीच्याच महिन्यात मिग-21 निवृत्त झालं होतं.

निवृत्त_ओझरकर
हो. चंडीगडला झाला निरोप. टीव्हीवर बघितला, आवाज बंद करून.

मिसळ_मास्टर
ओझरला जाताना हायवेवर पूर्वी एक मिसळीचं हॉटेल होतं, अजून चालू आहे का कुणाला माहीत? रस्सा वेगळा मिळायचा.

हँगरवाला_मुंबई
मिसळीचं नंतर. @पाना, ओझरकर काकांचा मुद्दा नीट समजून घे, कारण सोमवारी तुला हेच विचारतील. कुठलाही बॉक्स घे, झाकण उघडल्यावर काय नाही ते एका नजरेत दिसलं पाहिजे. डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए380 च्या एका इंजिनात सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं टर्निंग टूल (तपासणीत इंजिनाचा आतला भाग हाताने फिरवायचं) राहून गेलं. विमान 34 वेळा उडालं, जवळपास 294 तास, तेव्हा ते सापडलं. टूल नाही हे लोकांच्या लक्षात आलं होतं, पण त्याचा शोध न लावताच विमान सोडलं. एवढं मोठं टूल राहतं, तर तुझा पाव इंची सॉकेट कुठे जाईल विचार कर.
म्हणून बॅग मला आवडत नाही. तळाशी सगळं साचतं, बिट्स तर हमखास. आणि शिवणीत अडकलेला वॉशर कुणालाच दिसत नाही.

शिवणकाम_कॅनव्हास
बॅगेला सरसकट नावं ठेवू नका. बॅग आणि टूल रोल यात फरक आहे. जाड कॅनव्हासचा रोल शिवून घ्या, प्रत्येक पान्याला स्वतंत्र खण, वरून झाकायला पट्टी, पट्टीला वेल्क्रो. खणावर मार्करने साइज लिहायची. उलगडला की रिकामा खण लगेच दिसतो, शिवाय बाइकवर सॅकमध्ये बसतो. आपल्याकडे ताडपत्री आणि सीट कव्हरवाले शिवून देतात, खणांचं माप मात्र स्वतः कागदावर काढून न्या. नाहीतर ते सगळे खण एका मापाचे शिवतात आणि 3/4 चा पाना आत जातच नाही.

सातपूरकर
रोलमध्ये रॅचेट, टॉर्च, मिरर, प्लायर्स कुठे ठेवणार? सगळ्यालाच रोल म्हणजे अतीच झालं.

शिवणकाम_कॅनव्हास
दोन रोल.

सातपूरकर
मग तीन पण करा. मग ते ठेवायला एक पेटी घ्या.

खटपट्या
भांडू नका. माझा उपाय ऐका, स्वस्तातला. पॉलिप्रॉपिलिनचा साधा हँडलवाला बॉक्स घ्यायचा, चाकं नकोत. आत फोम. रेडीमेड टूल फोम महाग पडतो, त्यापेक्षा दोन योगा मॅट घ्या, खालची पिवळी किंवा लाल, वरची काळी. वरच्या मॅटवर हत्यारं मांडून पेनने आकार काढा. कटरचं नवीन ब्लेड लावून आरपार कापा, जुन्या ब्लेडने फोम फाटतो. मग फेविकॉल एसआरने दोन्ही थर चिकटवा आणि रात्रभर वजन ठेवा. हत्यार उचललं की खालचा पिवळा रंग डोळ्यात भरतो. एक गोष्ट लोक विसरतात, प्रत्येक आकाराच्या मध्यावर दोन्ही बाजूंना बोटं जातील एवढी अर्धगोल खाच कापा. नाहीतर पाना काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि फोमची वाट लागते.

पाना_नंबर_दहा
हे आवडलं. पण चाकं का नकोत? वजन बरंच होईल ना? आणि पॉलिप्रॉपिलिनच का?

हँगरवाला_मुंबई
मोठ्या विमानांत जांभळं हायड्रॉलिक तेल असतं, स्कायड्रॉल. ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना खातं, पॉलिप्रॉपिलिनला त्याचं विशेष काही होत नाही. सेस्नाच्या ब्रेकमध्ये लाल तेल, तिथे ती अडचण नाही, पण मुंबईला ओजेटी झाली तर उपयोगी पडेल. हाताला लागलं तर लगेच धू, डोळ्यात गेलं तर विचारू नकोस.
चाकांबद्दल खटपट्या बरोबर आहेत. बाइकवर चाकांचा उपयोग शून्य, उगाच वजन आणि आकार.

निवृत्त_ओझरकर
पण हत्यारं कोणती, हे अजून पोराने सांगितलेलं नाही.

पाना_नंबर_दहा
सांगतो काका. कॉम्बिनेशन पाने 6 ते 19, स्क्रू ड्रायव्हर सेट, कॉम्बिनेशन प्लायर, नोज प्लायर, कटर, अर्धा इंच ड्राइव्हचा सॉकेट सेट, हातोडी, टॉर्च.

हँगरवाला_मुंबई
थांब. 6 ते 19 म्हणजे मिलिमीटर? सेस्नाला इंचाचे पाने लागतात रे. पाव इंची बोल्टचं डोकं 7/16 असतं. त्याला 11 चा बसत नाही आणि 12 चा घसरतो. दहा-बत्तीसच्या (त्याहून बारीक) बोल्टला 3/8 लागतो, तिथे 10 चा लावलास तर कोपरे गोल करून ठेवशील. आणि अर्धा इंच ड्राइव्ह (रॅचेटचा चौकोनी खुंट, ज्यावर सॉकेट बसतो) ट्रकच्या चाकाला. तुला पाव इंची ड्राइव्ह, जास्तीत जास्त 3/8. काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत हात जात नाही, तिथे अर्ध्या इंचाचा रॅचेट फिरणार कुठे?

सातपूरकर
इंचाचे पण इथेच मिळतील, नाशिकला कशाला कमी आहे. मिमीचा सेट परत कर, बिल ठेवलंय ना?

पाना_नंबर_दहा
सेट मामांनी दिलाय, बिल नाही. बरं, मग बॉक्स नंतर घेऊ का?

निवृत्त_ओझरकर
अर्थात. आधी इन्स्टिट्यूटमधून टूल लिस्ट लेखी आणा, मग हत्यारं, मग फोम कापा. आत्ता कापलात तर मामांच्या पान्यांच्या मापाचा होईल. मामांचा सेट घरी राहू दे, बाइकला लागेल. लिस्टमध्ये लॉकिंग वायरचा ट्विस्टर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार पिळायची पक्कड) आणि इन्स्पेक्शन मिरर असतीलच, त्यांची जागा सोडा. ट्विस्टरच्या मागच्या बाजूला जास्त जागा लागते, मुठीचा दांडा मागे सरकतो. आणि प्रत्येक हत्यारावर आपला नंबर कोरा. पान्याच्या दांड्यावर कोरा, जबड्यावर नको.

मीनल_गंगापूररोड
लायसन्स लागतं म्हणालात, म्हणजे सरकारी नोकरी मिळते का?

खटपट्या
ताई, वेगळा धागा :)

पाना_नंबर_दहा
आज सरांना विचारलं. लिस्ट मिळाली, सगळं इंचात. पहिला आठवडा फक्त सेफ्टी आणि फाइलिंग, म्हणजे सोमवारी एक फ्लॅट फाइल आणि एक स्टीलची पट्टी पुरेल. पॉलिप्रॉपिलिनचा बॉक्स आणि योगा मॅट फायनल. लिस्टची प्रिंट झाकणाला आतून चिकटवतो. ए4 फोम शीटवाला कुणी अंबडमध्ये माहीत आहे का, मॅटपेक्षा जाड हवा?

खटपट्या
ए4 कशाला? पॅकिंग मटेरियलवाल्याकडे ईव्हीए शीट म्हणून माग, अंबडला बरेच आहेत. बॉक्स सोबत ने, तळाचं माप घेऊन तिथेच कापून देतात. बाहेरून नको मोजूस, आतून मोज, तळ वरच्यापेक्षा अरुंद असतो.

उशिरा_आलेला
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण चाकांची ट्रॉली घ्या. माझ्याकडे आहे, एकदम बेस्ट.